काळ्या समुद्रातील डॉल्फिन : शिकारबंदीनंतरही धोका का?

प्रश्न : सोव्हिएत संघ, बल्गेरिया आणि रुमानिया यांनी १९६६ मध्ये, तर तुर्कस्तानने १९८३ मध्ये काळ्या समुद्रातील डॉल्फिनची शिकार थांबवली. तरीही तेथील डॉल्फिन आणि पॉरपॉइज (डॉल्फिनसारखे लहान सागरी सस्तन प्राणी) आजही संकटग्रस्त का मानले जातात?

प्रतिसाद १ : सर्वांत मोठे कारण मासेमारीची जाळी हेच आहे. टर्बट माशासाठी तळाशी लावलेल्या मोठ्या आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यांत पॉरपॉइज अडकतात आणि श्वास घेण्यासाठी पृष्ठभागावर येता न आल्याने गुदमरून मरतात. बेकायदा मासेमारीत असे किती मृत्यू होतात याची नोंदच होत नाही, ही बाब मला सर्वाधिक अस्वस्थ करते. शिवाय सुमारे दीडशे ते दोनशे मीटरखाली पाण्यात प्राणवायू नसल्यामुळे मासे, मच्छीमार आणि हे प्राणी वरच्या थरातच एकवटतात.

प्रतिसाद २ : 'अ‍ॅकोबाम्स' या डॉल्फिन-देवमाशांच्या संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय करारावर १९९६ मध्ये मोनाको येथे सह्या झाल्या आणि तो २००१ मध्ये अमलात आला. काळा समुद्र, भूमध्य समुद्र व लगतचे अटलांटिक क्षेत्र त्याच्या कक्षेत येते. मात्र रशिया त्याचा सदस्य नाही, आणि डॉल्फिन तर सागरी सीमा जाणत नाहीत.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. जाळ्यांवर ध्वनियंत्रे बसवल्यास हे प्राणी दूर राहतात का?

प्रतिसाद १ : पॉरपॉइजच्या बाबतीत बऱ्याच अंशी होय, बॉटलनोज डॉल्फिनवर मात्र तितका भरवसा ठेवता येत नाही. म्हणूनच टर्बटच्या हंगामातील जाळ्यांवर प्रत्यक्ष देखरेख मला अधिक निकडीची वाटते.