झॅप-७०चा फॉस्फो-प्रतिपिंड : नियंत्रण नमुन्यातही पट्टी का दिसते?

प्रथिनवेध : नमस्कार. मानवी रक्तातून फायकॉलवर वेगळ्या केलेल्या एककेंद्रकी पेशी ओकेटी-३ने (टी-पेशींवरील सीडी-३ या प्रथिनाला चिकटणारा उंदराचा प्रतिपिंड) दोन मिनिटे उद्दीपित करून मी वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिने जेलवर वजनानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याची पद्धत) झॅप-७० या टी-पेशींतील संकेत पोहोचवणाऱ्या प्रथिनाच्या टायरोसिन ३१९चे (३१९व्या जागेवरील अमिनो आम्लाचे) फॉस्फोरिलीकरण, म्हणजे त्याला फॉस्फेट जोडले जाणे, पाहत आहे. ७० किलोडाल्टनजवळ ठळक पट्टी मिळते. परंतु ज्या नमुन्यात ओकेटी-३ऐवजी सीडी-३शी न जुळणारा उंदराचाच आयजीजी-२ए (ओकेटी-३च्याच प्रकारचा प्रतिपिंड) वापरला, त्यातही ती फिकट दिसते. फॉस्फोरिलीकरण ओळखणारा माझा प्रतिपिंड मोनोक्लोनल (एकाच पेशीवंशातून आलेला, एकसारखा) असताना असे का व्हावे?

जुना प्रयोगकर्मी : मोनोक्लोनल प्रतिपिंड एकच एपिटोप (प्रतिपिंड चिकटतो तो प्रथिनाचा भाग) ओळखतो, तो एपिटोप एकाच प्रथिनावर असेल, याची हमी मात्र त्यात नसते. ३१९भोवतीचा अमिनो आम्लांचा क्रम सिक या भावंड-प्रथिनाच्या टायरोसिन ३५२भोवतीच्या क्रमाशी मिळताजुळता असल्यामुळे हे प्रतिपिंड बहुधा दोन्ही ओळखतात, आणि उत्पादकाच्या माहितीपत्रकात तशी नोंदही असते. सिकचे वजन सुमारे ७२ किलोडाल्टन असल्याने साध्या जेलवर दोन्ही पट्ट्या वेगळ्या करणे कठीणच. आपल्या मिश्रणात बी-पेशी व मोनोसाइट आहेत आणि दोहोंत सिक असते. शिवाय उंदराचा आयजीजी-२ए मोनोसाइटवरील एफसी-ग्राहीला (प्रतिपिंडाची शेपटी पकडणाऱ्या प्रथिनाला) घट्ट चिकटतो व तेथूनही सिक सक्रिय होऊ शकते. माझ्या मते आपल्या फिकट पट्टीचे मूळ येथेच असावे. अर्थात मग ओकेटी-३च्या नमुन्यातील ठळक पट्टीही सगळी टी-पेशींची मानता येणार नाही.

संकेतवाही : सहमत. प्रथम ऋण-निवडीने (इतर पेशी काढून टाकून) टी-पेशी शुद्ध कराव्यात. धन-निवडीत टी-पेशींवरच प्रतिपिंड बसतो, ते टाळलेले बरे. जर्कट पेशींची (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या टी-पेशींच्या वाणाची) झॅप-७० नसलेली पी-११६ ही उपशाखा मिळाली तर मूळ जर्कटशेजारी तिचा नमुना अवश्य चालवावा, कारण असे नियंत्रण माहितीपत्रकातील कोणत्याही आश्वासनापेक्षा अधिक विश्वासार्ह ठरते.

प्रथिनवेध : आभारी आहे. एलसीके या टी-पेशींतील दुसऱ्या संकेत-प्रथिनाच्या टायरोसिन ३९४साठीही शुद्ध टी-पेशी पुरेशा होतील का?

जुना प्रयोगकर्मी : नाही. त्यासाठी सर्रास वापरला जाणारा, सार्क या त्याच कुळातील प्रथिनाच्या टायरोसिन ४१६वरचा प्रतिपिंड फिन हे आणखी एक भावंड-प्रथिनही ओळखतो, आणि फिन टी-पेशींतच असते. म्हणून आधी एलसीकेचे प्रतिपिंडाने अवक्षेपण करावे लागेल, म्हणजे त्याला पकडून इतर प्रथिनांपासून वेगळे करावे लागेल. तेथे अवक्षेपणाच्या प्रतिपिंडाची ५० किलोडाल्टनची जड साखळी (प्रतिपिंडाच्या रेणूचा मोठा घटक) ५६ किलोडाल्टनच्या एलसीकेला झाकते. तेव्हा अवक्षेपण उंदराच्या प्रतिपिंडाने आणि ब्लॉट सशाच्या प्रतिपिंडाने करावा, व दुय्यम प्रतिपिंड (ब्लॉटवरील पहिल्या प्रतिपिंडाला चिकटून पट्टी दाखवणारा) उंदराच्या आयजीजीला न चिकटणारा निवडावा. पेशींवर राहिलेला ओकेटी-३ही उंदराचाच असल्याने तोही त्यामुळे दिसणार नाही.