मदत हवी आहे: सीटीत ६/१० आलंय, वडील कितपत बरे होतील?

अशोकचौक_सोलापूर, संध्या. ६:५०
वडिलांना लकवा मारलाय. रिपोर्टात 'ॲस्पेक्ट्स ६/१०, लेफ्ट एमसीए हायपरडेन्स, इन्सुलर रिबन गेलंय' असं लिहिलंय. डॉक्टर राउंडला दोन मिनिटं येतात, 'बघू' म्हणतात आणि जातात. दाजी म्हणतात ६० टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. बरे होतील ना? लवकर सांगा, सोलापुरात ठेवू की पुण्याला हलवू?

निवृत्त_गुरुजी, ७:०२
महात्मा फुले योजनेत बसतं का विचारा. रेशनकार्ड, आधार जवळ ठेवा.

अशोकचौक_सोलापूर, ७:०४
गुरुजी, पैशाचं नाही विचारलं.

फिल्मवाला (सीटी टेक्निशियन, १४ वर्षं), ७:११
मालक, ॲस्पेक्ट्स म्हणजे परीक्षेचे मार्क नाहीत. मेंदूच्या मधल्या धमनीच्या (तीच एमसीए) पट्ट्याचे १० भाग पाडतात आणि ज्या भागात सुरुवातीची खराबी दिसते त्याचा एक गुण कापतात. म्हणजे तुमचे ४ भाग गेलेत. कॅनडातल्या अल्बर्टाच्या डॉक्टरांनी २००० साली ही पद्धत मांडली. ७ किंवा त्याखाली आलं की पुढे परावलंबी राहण्याची शक्यता वाढते, पण हा अंदाज गटाचा, एकट्या माणसाचा नाही. हायपरडेन्स म्हणजे गुठळी, फिल्मवर पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसते. इन्सुलर रिबन ही मेंदूच्या आतल्या घडीतली पट्टी, ती 'गेली' म्हणजे तिथे खराबी दिसतेय. लकवा कधी झाला, सीटी कधी काढला, वय काय? हे न सांगता ६ चा अर्थ कसा लावणार?

अशोकचौक_सोलापूर, ७:१५
काल सकाळी सहाला उठले तर उजवा हात चालत नव्हता. आठला सीटी. वय ५८.

पुणेकर_जावई, ७:१९
दोन तासांत पोचलात आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं नाही? साडेचार तास असतात त्याला! सरळ निष्काळजीपणा. पुण्याला हलवा.

फिल्मवाला, ७:२३
थांबा जावईबापू. सहाला *कळलं*. झालं कधी? रात्री शेवटचे नीट कधी दिसले?

अशोकचौक_सोलापूर, ७:२६
परवा रात्री साडेदहाला जेवून झोपले. बोलत होते. शेंगाचटणी तिखट झाली म्हणून आईवर ओरडलेसुद्धा.

फिल्मवाला, ७:३१
मग घड्याळ साडेदहापासून चालू झालं. म्हणून इंजेक्शन दिलं नसेल. सीटीसुद्धा कदाचित साडेनऊ तासांनंतरचा. पहिल्या तासा-दोन तासांत सीटी बऱ्याचदा साफ दिसतो, एवढं दिसायला वेळ जावा लागतो.

पुणेकर_जावई, ७:३४
एमआरआय केला असता तर लगेच कळलं असतं. आमच्या सासऱ्यांना केला होता.

फिल्मवाला, ७:३६
खरंय, एमआरआयवर लवकर दिसतं. झोपेतल्या लकव्यात वेळेचा अंदाजही येतो. पण आता ते उकरून काय उपयोग?

माळकरी_६२, ७:४०
कबुतराचं रक्त चोळा. आमच्या गावात दोघे चालायला लागले.

रात्रपाळी_सिस्टर, ७:४४
काका, कृपा करा. दादा, नीट वाचा. ६/१० आणि धमनीतली गुठळी, म्हणजे मेंदूची सूज वाढायची भीती. ती साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवशी जास्त असते. वडील आता जागे आहेत का? हाक मारली तर डोळे उघडतात?

अशोकचौक_सोलापूर, ७:४९
दुपारपासून जास्त झोपतायत. आम्हाला वाटलं औषधाने.

रात्रपाळी_सिस्टर, ७:५०
फोन ठेवा आणि आत्ता सिस्टरांना सांगा. 'दुपारपासून गुंगी वाढलीय, परत सीटी करायचा का, न्यूरोसर्जनने बघितलंय का' एवढंच विचारा. सूज फारच वाढली तर कवटीचा तुकडा काढून जागा करून देतात. ६० च्या आतल्यांना त्याने जीव वाचतो हे चाचण्यांतून दिसलंय, तेही ४८ तासांच्या आत केल्यावर. साडेदहापासून मोजा, तुमचे ४५ तास झालेत. आणि गिळता येतं का हे तपासल्याशिवाय तोंडाने पाणी देऊ नका.

पुणेकर_जावई, ७:५५
म्हणूनच म्हणतोय पुणे.

रात्रपाळी_सिस्टर, ७:५७
अडीचशे किलोमीटर, गुंगीतला पेशंट. आधी सर्जनला विचारू दे. जाऊ म्हणाले तर जा.

निवृत्त_गुरुजी, ८:२०
योजनेचा आरोग्यमित्र (मदतनीस) खिडकीजवळ बसतो. सकाळी लवकर जा.

अशोकचौक_सोलापूर, रात्री ११:३५
सीटी परत केला. सूज आहे, तिच्या दाबाने मेंदूची मधली रेषा थोडी सरकलीय. सर्जन येऊन बघून गेले, आयसीयूत घेतलंय, तासातासाला बघणार, वाढलं तर रात्रीच ऑपरेशन. सही घेतलीय माझी. पुण्याचं सर्जनच म्हणाले आत्ता हलवू नका. सिस्टर ताई, आई दोनदा चमच्याने पाणी पाजून बसली होती, ते थांबवलं. दाजींना ६ चा अर्थ सांगितला, गप्प बसलेत. माळकरी काका, कबुतरावर परत लिहू नका, आई वाचतेय.