पाण्यातल्या फ्लोराइडने आमचे दात पिवळे झाले, मग मुलीच्या दातांना तेच का लावायचे?

पांढरकवड्याची लेक

माझे माहेर यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळच्या एका खेड्यात आहे. आमच्या पिढीतल्या पुष्कळांच्या पुढच्या दातांवर पिवळट-तपकिरी पट्टे आहेत. माझ्याही आहेत, आणि लग्नाच्या एकाही फोटोत मी तोंड उघडून हसलेली नाही. बोअरच्या पाण्यातल्या जास्तीच्या फ्लोराइडमुळे हे होते, हे कळले तेव्हा मी नववीत होते. तेव्हापासून हा शब्द आमच्या घरात कधी चांगल्या अर्थाने उच्चारला गेलेला नाही.

आता आम्ही पुण्यात राहतो. सहा वर्षांच्या मुलीच्या दोन दुधाच्या दाढा किडल्या होत्या, त्या नुकत्याच भरून घेतल्या. त्या वेळी दंतवैद्यांनी सांगितले, की मागे पहिल्या पक्क्या दाढा उगवू लागल्या आहेत, तेव्हा दर सहा महिन्यांनी फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातांवर लावायचा फ्लोराइडचा चिकट लेप, लावून घ्यावे. अडचण अशी, की माझ्या नोकरीमुळे ती तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेक काळ आजीजवळ गावीच होती आणि तिथलेच पाणी प्यायली आहे. आधीच पोटात गेलेल्या फ्लोराइडवर आणखी भर कशाला घालायची, असे विचारले, तर 'काही होत नाही' एवढेच उत्तर मिळाले. जाणकारांनी कृपया नीट समजावून सांगावे.

बालदंत

ताई, मी लहान मुलांच्या दातांचीच प्रॅक्टिस करतो. तुमची शंका रास्त आहे आणि 'काही होत नाही' हे तिचे उत्तर नव्हे.

तुमच्या दातांवरचे पट्टे दात उगवल्यानंतर पडलेले नाहीत. पक्के दात हिरडीखाली घडत असताना पाण्यातून रोज पोटात जाणारे फ्लोराइड रक्तावाटे तिथे पोहोचते आणि दाताचे वरचे कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, पक्के होण्याच्या कामात बिघाड करते. साधारण आठव्या वर्षापर्यंत, अक्कलदाढा सोडल्या तर, हे काम संपते. त्यानंतर कितीही फ्लोराइड पोटात गेले तरी त्या दातांवर नवे पट्टे उमटत नाहीत, हाडांचा त्रास मात्र होऊ शकतो. वार्निशचे काम याच्या अगदी उलट, म्हणजे उगवलेल्या दाताच्या पृष्ठभागावर आणि बाहेरून चालते. गोड खाल्ले, की दातांवरच्या थरातले जिवाणू आम्ल तयार करतात. तिथला सामू (पीएच; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) सुमारे ५.५ च्या खाली गेला, की इनॅमलमधली खनिजे विरघळू लागतात, आणि लाळ ती हळूहळू परत भरून काढते. दाताशी फ्लोराइड असेल तर ही भरपाई लवकर होते आणि नव्याने बसलेले खनिज सामू सुमारे ४.५ पर्यंत उतरला तरी तग धरते.

आता मात्रेचा हिशेब करू. वार्निशमध्ये ५ टक्के सोडियम फ्लोराइड असते, म्हणजे २२,६०० पीपीएम (दहा लाख भागांत २२,६०० भाग फ्लोराइड). आकडा भीतिदायक आहे, कारण आपल्याकडच्या टूथपेस्टची कायदेशीर मर्यादा १,००० पीपीएम आहे. पण वार्निश लागते किती? सहा वर्षांच्या मुलाच्या सगळ्या दातांना फार तर ०.४ मिलिलिटर. त्यात सुमारे ९ मिलिग्रॅम फ्लोराइड येते, आणि ते राळेच्या चिकट लेपात अडकलेले असल्यामुळे एकदम पोटात न जाता हळूहळू सुटते. वर्षातून दोनदा लावले आणि सगळेच्या सगळे गिळले गेले असे धरले, तरी १८ मिलिग्रॅम होतात. उलट ज्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे, ते रोज एक लिटर प्यायल्यास वर्षाला ७३० मिलिग्रॅम पोटात जाते. पट्टे या रोजच्या भरण्याने पडतात. सहा महिन्यांतून एकदा लागणाऱ्या पातळ लेपाने ते पडल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवतो. मुलीचे वरचे पुढचे पक्के दात सातव्या-आठव्या वर्षी येतील आणि त्यांच्या इनॅमलचा सर्वांत नाजूक काळ, म्हणजे दुसरे-तिसरे वर्ष, गावच्या पाण्यावर गेलेला आहे. त्या दातांवर पांढरट रेघा दिसल्या, तर दोष वार्निशच्या माथी मारू नका. त्या रेघा आज हिरडीखाली आधीच आहेत.

दोन मुलांचा बाप

माझा अनुभव फारसा चांगला नाही, म्हणून लिहितो. थोरला पाच वर्षांचा असताना एका दवाखान्यात त्याला 'फ्लोराइड ट्रीटमेंट' म्हणून फेसाळ जेलने भरलेला ट्रे चार मिनिटे तोंडात धरायला लावला. लाळ ओढून घेणारी नळी नव्हती, मुलाने निम्मे जेल गिळले आणि घरी येईपर्यंत दोनदा ओकला. धाकट्याला दुसरीकडे वार्निश लावले, त्याला त्रास झाला नाही; पण दीड वर्षातच त्याच्या पक्क्या दाढेला वरच्या बाजूने काळी टिकली दिसली आणि ती भरावी लागली. मग उपयोग काय झाला, हा माझा प्रश्न आहे.

बालदंत

ते जेल बहुधा १.२३ टक्क्यांचे असावे, म्हणजे १२,३०० पीपीएम. वार्निशपेक्षा ते सौम्य आहे खरे, पण ट्रेमध्ये ते कित्येक मिलिलिटर भरतात, आणि पाच वर्षांच्या मुलाला चार मिनिटे न गिळता बसता येत नाही. म्हणूनच सहा वर्षांखालच्या मुलांना जेल लावू नये आणि फ्लोराइड द्यायचेच तर वार्निशच द्यावे, असा दंडक आहे. तुमच्या मुलाच्या बाबतीत तो पाळला गेला नाही.

दुसऱ्या मुलाबद्दल म्हणाल, तर फ्लोराइड सर्वांत चांगले काम करते ते दाताच्या गुळगुळीत बाजूंवर, म्हणजे हिरडीलगत आणि दोन दातांच्या मधल्या भागात. नव्या दाढेच्या चघळण्याच्या बाजूला ज्या अरुंद खाचा असतात, तिथे ब्रशचा केसही पोहोचत नाही. त्यासाठी खाचा बुजवणारे सीलंट वेगळे लावावे लागते, आणि ते दाढ पुरती वर आली, की लगेच लावलेले बरे. वार्निशचा उपयोग तपासणाऱ्या चाचण्यांचा कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये एकत्रित आढावा घेतला. त्यात पक्क्या दातांची कीड सरासरी ४३ टक्क्यांनी आणि दुधाच्या दातांची ३७ टक्क्यांनी कमी आढळली. म्हणजे उरलेली कीड होतेच. हे पालकांना आधी सांगितले जात नाही, ही आमच्या व्यवसायाची चूक आहे.

राळेची ॲलर्जी असेल किंवा हिरड्यांना, तोंडात जखमा असतील, तर वार्निश लावत नाहीत, हेही इथेच नोंदवतो.

जुनी विहीर

मी किनवट तालुक्यात बत्तीस वर्षे शिक्षक होतो. पहिलीत येणारी मुले हसली, की कोणत्या वस्तीतली आहेत ते मला दातांवरून सांगता येई. एकाच गावात उथळ विहिरीचे पाणी पिणाऱ्यांचे दात स्वच्छ आणि खोल बोअरचे पाणी पिणाऱ्यांचे रंगलेले असत, कारण खोलवरच्या खडकातले फ्लोराइड पाण्यात उतरायला तिथे भरपूर अवधी मिळतो. विहिरी आटल्या, बोअर आले, आणि ज्याला आम्ही सोय म्हणत होतो त्याची किंमत मुलांच्या दातांनी चुकवली.

ताईंना माझे सांगणे असे, की वार्निशची चिंता करण्याआधी आजीच्या घरचे पाणी तपासून घ्यावे. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा असते. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असलेले पाणी चांगले, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते. माझी आईसुद्धा हयातभर 'उकळून पी रे' म्हणत राहिली. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी आणि चुना वापरण्याची नालगोंडा पद्धत शोधली, ती आमच्या शाळेत काही दिवस चालली. पण रोज मोजून तुरटी टाकणारा माणूस बदलून गेला आणि टाकी कोरडी पडली. आरओ यंत्राने बरेचसे फ्लोराइड निघून जाते. सुट्टीत मुलगी महिनाभर तिथे राहणार असेल, तर तेवढी सोय करावी.

बालदंत

गुरुजींशी सहमत आहे. त्याला टूथपेस्टची जोड देतो. १,००० पीपीएम म्हणजे एका ग्रॅमला १ मिलिग्रॅम. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर पेस्ट साधारण एक ग्रॅम भरते आणि लहान मूल त्यातली बरीचशी गिळते. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. फेस थुंकून टाकायचा, पण नंतर खळखळून चुळा भरायच्या नाहीत, नाहीतर लावलेले सगळे धुऊन जाते.

पांढरकवड्याची लेक

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी जाऊन आलो. या वेळी मी प्रश्न लिहून नेले होते, त्यामुळे डॉक्टरांनीही वेळ दिला. त्यांनी हवेच्या झोताने वरचा एक सुळा कोरडा करून आरशात दाखवला. हिरडीलगत खडूसारखा मळकट पांढरा, बोटाला खरखरीत लागणारा डाग होता. माझ्या दातांवरच्या रेघा आडव्या आणि दोन्ही बाजूंना सारख्या आहेत, तर हा एकाच जागी होता. ही किडीची सुरुवात आहे, खड्डा अजून पडलेला नाही आणि इथून ती थांबवता येते, असे ते म्हणाले. मग छोट्या ब्रशने पाच मिनिटांत वार्निश लावून झाले. दिवसभर कडक, चिकट आणि गरम काही द्यायचे नाही आणि ब्रश थेट दुसऱ्या दिवशी सकाळी, एवढेच पथ्य होते. दाढा पुरत्या वर आल्या, की सीलंटसाठी पुन्हा जायचे आहे. पाण्याचा नमुना भाऊ सोमवारी यवतमाळला नेऊन देणार आहे.

त्यांनी वापरलेले वार्निश पिवळ्या रंगाचे होते, हे मात्र मी आईला सांगायला विसरले. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर नात हसली आणि आई पलीकडून ओरडली, "अगं बाई, हिचेही झाले का?"