गल्लत होतेय

'सरकारी पैशावर नशा करणाऱ्यांची आधी लघवी तपासा, सॅन फ्रान्सिस्कोत तेच करतात' असा दावा केला जातोय. तेच करत नाहीत. मार्च २०२४ मध्ये तिथल्या मतदारांनी मंजूर केलेल्या 'प्रपोझिशन एफ' या प्रस्तावानुसार, शहराकडून दरमहा रोख मदत घेणाऱ्याबद्दल व्यसनाचा संशय आला तर तपासणी-मुलाखत होते आणि गरज दिसली तर उपचारात सहभाग घ्यावा लागतो, नाहीतर मदत बंद. नशा पूर्ण सुटलीच पाहिजे अशी अट नाही.

लघवीचा प्रयोग फ्लोरिडाचा, २०११ चा. चाचणीचे पैसे सरकारी मदत मागणाऱ्या अर्जदाराने आधी स्वतः भरायचे, काही सापडलं नाही तर सरकार परत देणार. काही महिन्यांत ४,००० हून अधिक जण तपासले, दोषी निघाले १०८. डोंगर पोखरून उंदीर! वर न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला ते वेगळंच.

पण सॅन फ्रान्सिस्कोबद्दलही मला शंका आहे. तिथे छप्पर असलेल्याला या रोख मदतीत महिन्याला सातशेच्या आसपास डॉलर मिळतात, बेघराला जेमतेम शंभर. (बेघरांची रोख कापून त्याऐवजी निवारा देण्याचं धोरण तिथे २००२ मध्येच मंजूर झालंय.) म्हणजे फुटपाथवर फेंटानिल (अफूसारखा, पण फार जहाल अमली पदार्थ) घेणाऱ्याला धाक कसला, तर शंभर डॉलरचा. खरा फटका बसेल तो कशीबशी खोली टिकवून असलेल्याला. मदत बंद झाल्यावर भाडं निदान ३० दिवस परस्पर घरमालकाला देण्याची सोय कायद्यात आहे म्हणा, पण एकतिसाव्या दिवशी काय?