मदत हवी आहे: सिंगर कंपनीची न्यूयॉर्कमधली इमारत का पाडली?

नमस्कार मंडळी,

आजीचं सिंगरचं पायमशीन अडगळीतून बाहेर काढलं. खणात गंजलेल्या बॉबिन, खडूचे तुकडे, आणि तळाशी एक पोस्टकार्ड. त्यावर निमुळता मनोरा, डोक्यावर घुमट, खाली इंग्रजीत 'सिंगर बिल्डिंग, न्यूयॉर्क'. भाचा तिकडेच नोकरीला आहे म्हणून त्याला फोटो पाठवला. तो म्हणे, "मामा, त्या जागी काळा पोलादी ठोकळा उभा आहे."

मग बसलो शोधत. इमारत १९०८ ची, ब्रॉडवेवरची. ४७ मजले, ६१२ फूट, वास्तुविशारद अर्नेस्ट फ्लॅग. तेव्हा जगातली सर्वांत उंच ऑफिस इमारत. १९०९ मध्ये मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीच्या ७०० फुटी मनोऱ्याने तो मान घेतला. तळमजल्यावर संगमरवरी खांब आणि त्यांवर ब्राँझचे बिल्ले: कुठे कंपनीची आद्याक्षरं, कुठे सुई, दोरा, बॉबिन! (हे वाचून आमच्या मशीनवरची धूळ आधी पुसली.)

आणि १९६७-६८ मध्ये पाडली. जेमतेम साठ वर्षांत? आपल्याकडे साठ वर्षांच्या चाळीला लोक नवी म्हणतात. तिथे वारसा जपणारा कायदा नव्हता का? इमारतीचं काही उरलंय का? आणि आमचं मशीन तिथेच बनलं असेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
कायदा होता, १९६५ चा. न्यूयॉर्कचं जुनं पेन रेल्वे स्टेशन पाडल्यावर जी हळहळ झाली तिच्यातूनच तो आला. पण सिंगरला वारसा दर्जा मिळाला नाही. दर्जा दिला तर शहराने गिऱ्हाईक शोधावं नाहीतर स्वतः विकत घ्यावी, ही वारसा दर्जा देणाऱ्या तिथल्या आयोगाची अडचण होती.

खरी गोम वेगळीच आहे. उंच इमारती रस्त्याचा उजेड खातात असं खुद्द फ्लॅगचं मत. म्हणून मनोऱ्याने जागेचा साधारण चौथा हिस्साच व्यापावा असा त्याचा आग्रह होता. मनोरा झाला जेमतेम ६५ फूट रुंद, तितकाच खोल. त्यातून लिफ्ट आणि जिने वजा करा, ऑफिसला उरतं काय? १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सिंगर कंपनी दुसरीकडे गेली. पुढे तिथे युनायटेड स्टेट्स स्टीलसाठी ५४ मजली इमारत आली, एकेका मजल्यावर सुमारे ३७,००० चौरस फूट. म्हणजे ज्या बारीकपणाचा फ्लॅगला अभिमान होता, तोच मुळावर आला. मालकाने आपणहून पाडलेली जगातली सर्वांत उंच इमारत हा तिचा लौकिक पुढे पन्नास वर्षं टिकला. मग त्याच शहरात पार्क अव्हेन्यूवरची ७०७ फुटी इमारत उतरवली.

प्रतिसाद २
तुमचं मशीन तिथलं नाही, ते नुसतं ऑफिस होतं. पाट्यावरच्या नंबराआधीचं अक्षर बघा. 'वाय' असेल तर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं. त्या कारखान्यावर अवाढव्य चारमुखी घड्याळाचा मनोरा होता. तोही १९६३ मध्ये पाडला, आणि १९८० मध्ये कारखानाच बंद झाला.

भाच्याला सांगा, ५६१ ब्रॉडवेला जाऊन ये. फ्लॅगचीच, सिंगरसाठीच बांधलेली १२ मजली इमारत तिथे अजून उभी आहे. लोखंडी नक्षीच्या गॅलऱ्या फार देखण्या आहेत.

धागाकर्ता
मनापासून आभार! टॉर्च लावून पाहिलं, 'वाय'च आहे. पोस्टकार्ड न्यूयॉर्कचं, मशीन स्कॉटलंडचं, आणि त्यावर शिवलेली झबली आमची.

आता एकच शंका. चाक अगदी मोकळं फिरतंय, पण चामड्याची वादी तुटली आहे. पुण्यात कुठे मिळेल? रविवारी बोहरी आळीत चक्कर मारणार आहे, त्याआधी कोणी नेमकं दुकान सांगितलं तर पायपीट वाचेल.