तेन्ही यांचा 'व्हॅरे' (२००२): लोकसंगीत की प्रोग्रेसिव्ह, आणि तो ऐकावा कसा?

सांजवारा

नमस्कार मंडळी,

फिनलंडमधील तेन्ही या बँडचा 'व्हॅरे' हा २००२ साली निघालेला अल्बम सध्या माझ्या ऐकण्यात आहे. त्याविषयी इथल्या जाणकारांचे मत घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे. त्यूको सारिक्को, इल्मारी इस्साकाइनेन आणि इल्क्का साल्मिनेन या तिघांभोवती उभे राहिलेले हे काम आहे. अकूस्टिक गिटार, बास, ड्रम आणि पियानो यांच्या जोडीला व्हायोलिन आणि बासरी येतात, आणि या सगळ्याच्या तळाशी एक पुरुषी आवाज अगदी खालच्या पट्टीत, अनेकदा पुटपुटल्यासारखा, फिनिश भाषेत गात राहतो.

'प्रोग्रेसिव्ह फोक' या वर्गात त्याची नोंद पाहून मी तो ऐकायला घेतला, आणि माझी अडचण तिथूनच सुरू झाली. हे शब्द वाचले की माझ्या मनात सत्तरच्या दशकातील ब्रिटिश बँड उभे राहतात: विषम मात्रांचे ताल, बासरीचे द्रुत तुकडे, एकाच रचनेत चार-पाच वळणे. इथे तसे जवळजवळ काहीच घडत नाही. गिटारवर चार-सहा स्वरांचा एक समूह सुरू होतो, तो पुन्हा पुन्हा येत राहतो, त्यावर कधी व्हायोलिन चढते, कधी ड्रम येतात, आणि पुढे काही मोठे घडणार असे वाटत असतानाच रचना संपते. बरे, याला लोकसंगीत म्हणावे, तर यात ओळखू येईल अशी एखादी पारंपरिक धूनही मला सापडलेली नाही.

इतर श्रोत्यांचे अभिप्राय वाचून माझा गोंधळ वाढलाच. कुणी याला मन शांत करणारे संगीत म्हणतो, कुणी अंधारात एकट्याने ऐकू नये असे सांगतो, तर कुणाला हा सरळसरळ कंटाळवाणा वाटतो. एकाच ध्वनिमुद्रणाबद्दल लोक इतके वेगळे का बोलत असावेत? आणि शब्द कळत नसताना आपल्यासारख्याने यात नेमके काय ऐकायचे?

खर्जप्रेमी

सांजवारा, लोक इतके वेगळे का बोलतात या तुमच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते बाकीच्यांचे उत्तरही त्याच्या आसपासच आहे.

तेन्हीचे अल्बम प्रॉफेसी प्रॉडक्शन्स या जर्मन कंपनीने काढले, आणि या कंपनीचा श्रोतावर्ग मुख्यतः मेटल आणि त्याच्या शेजारपाजारच्या संगीतातून आलेला आहे. त्या वर्गातील माणूस जेव्हा 'व्हॅरे' ऐकतो, तेव्हा त्याच्या कानाला विकृत गिटारांची भिंत आणि किंकाळ्या यांची सवय असते, त्यामुळे त्याला यात शांतता ऐकू येते. लोकसंगीताच्या बाजूने आलेल्या माणसाला नाचाची लय आणि सगळ्यांनी मिळून म्हणायचे धृपद हवे असते. ते न मिळाल्यामुळे आणि वर हा खर्जातला आवाज ऐकून त्याला सारे गडद आणि काहीसे भीतीदायक वाटते. तुम्ही प्रोग्रेसिव्ह रॉकच्या बाजूने आलात, म्हणून तुम्हाला वळणांची उणीव जाणवली. अभिप्राय वाचताना लिहिणारा आधी काय ऐकत होता याचा अंदाज बांधून वाचावे, म्हणजे त्यातला बराचसा विरोध मावळतो.

आता ऐकायचे काय, याबद्दल. पहिलीच रचना, 'वास्ताकाइउन', घ्या. तिच्यात ड्रमचा ठेका आणि तंतुवाद्यांचा आग्रही आकृतिबंध जवळजवळ लगेच स्थापित होतो, आणि मग तो फारसा बदलत नाही. बदलते ती त्याच्याभोवतीची घनता: कोणते वाद्य जवळ आले, कोणते मागे सरले, आवाज एकटा आहे की त्याच्याखाली दुसरा आवाज आहे, ड्रमवादक झांजा वाजवतो आहे की मुद्दाम टाळतो आहे. तानपुरा लावून बसल्यावर जसे आपले लक्ष आपोआप धुनेवरून स्वराच्या पोताकडे वळते, तशी या अल्बमची ऐकण्याची रीत आहे. फरक इतकाच की आपल्याकडे आधारस्वरावर गायक बढत करतो आणि इथे बढतीचे काम वाद्यमेळाकडे आहे, गायक मात्र जागच्या जागी राहतो.

याला प्रोग्रेसिव्ह म्हणायला माझी हरकत नाही, कारण रचनेची लांबी आणि तिची उभारणी गाण्याच्या कडवे-धृपद अशा साच्यातून आलेली नाही. पण 'प्रोग्रेसिव्ह म्हणजे कसरत' अशी व्याख्या कुणी करत असेल, तर त्याने या अल्बमच्या वाटेला जाऊ नये हेच बरे.

पानगळ

मी फिनलंडमध्ये, टॅम्परे शहरात, नोकरीनिमित्त राहते. लोकसंगीताचा भाग थोडा उलगडून सांगते, कारण 'फिनिश लोकसंगीत' असे एकच काही नाही, आणि ते एकच आहे असे धरल्यामुळे बाहेरचे श्रोते बरेचदा चुकीच्या ठिकाणी शोधत बसतात.

पूर्वेला, कारेलियाच्या बाजूला, रूनो-गायनाची, म्हणजे लोककाव्ये गाऊन सांगण्याची, जुनी परंपरा आहे. एलियास ल्योन्रोट यांनी १८३५ मध्ये आणि नंतर वाढवून १८४९ मध्ये प्रसिद्ध केलेले 'कालेवाला', तसेच १८४० चे 'कान्तेलेतार', ही दोन्ही संकलने त्याच परंपरेतून आली. या गायनात एका ओळीला साधारण आठ अक्षरे असतात, अनुप्रास भरपूर असतो, आणि पहिल्या ओळीत सांगितलेली गोष्ट दुसऱ्या ओळीत निराळ्या शब्दांत पुन्हा सांगितली जाते. चाल बहुधा पाचच स्वरांत फिरते, जुन्या कान्तेले या वाद्याला पाचच तारा असत त्याच्याशी हे जुळते, आणि शेवटची दोन अक्षरे लांबवल्यामुळे अनेकदा पाच मात्रांचे आवर्तन तयार होते. पश्चिमेला, विशेषतः काउस्तिनेन या गावाच्या परिसरात, व्हायोलिनवर वाजणाऱ्या पोल्का आणि लग्नातल्या धुनांची परंपरा आहे. काउस्तिनेनचा लोकसंगीत महोत्सव १९६८ पासून भरतो आणि तेथील व्हायोलिनवादनाला २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. ते संगीत इतके आनंदी आणि धावते आहे की 'व्हॅरे' ऐकून फिनलंडविषयी कल्पना बांधलेल्या माणसाला धक्काच बसेल.

तेन्हीने यांपैकी कोणतीही धून उचललेली नाही आणि त्यांचे शब्दही कालेवालातले नाहीत. परंपरेतून जे आले आहे ते म्हणजे चालीचा आखूड पल्ला, न थकता केलेली पुनरावृत्ती, आणि गायकाने स्वतःला पुढे न करण्याची वृत्ती. भाषेचाही मोठा वाटा आहे. फिनिशमध्ये शब्दाचा आघात नेहमी पहिल्या अक्षरावर असतो आणि ऱ्हस्व-दीर्घ भेद काटेकोर असतो, त्यामुळे ओळ जोर घेऊन सुरू होते आणि मग उतरत जाते. शब्द न कळता हे कानाला कळते. तुम्हाला जे पुटपुटणे वाटले, त्यातले निम्मे तरी हे उतरणे आहे.

एक विनंती मात्र करावीशी वाटते. या अल्बमबद्दल लिहिणारे निम्मे लोक बर्फ, गोठलेली तळी आणि हिवाळ्यातला काळोख यांपलीकडे जात नाहीत. डिसेंबरमध्ये हेलसिंकीत दिवस जेमतेम सहा तासांचा असतो हे खरे, पण जूनमध्ये इथे मध्यरात्रीही वाचता येईल इतका उजेड असतो, आणि तोच समाज त्याच उजेडात उदास टँगोवर नाचतो. पाश्चात्त्य संगीतात सहसा उदास मानली जाणारी मायनर स्वरमालिका इथे दुःखासाठी राखून ठेवलेली नाही; प्रेमगीत, बालगीत, पबमधले गाणे, सगळे तिच्यात चालते. 'व्हॅरे' उदास आहे असे म्हणताना आपण त्यांच्या स्वरांना आपला अर्थ तर देत नाही ना, हे एकदा तपासावे.

आडताल

वरचे दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, तरीही मला असे वाटते की आपण या अल्बमला जरुरीपेक्षा अधिक सवलत देत आहोत.

'वातावरणनिर्मिती' हा शब्द समीक्षेत फार सोयीचा झाला आहे. चाल लक्षात राहत नसेल तर वातावरण आहे म्हणावे, लय हलत नसेल तर ध्यानमग्नता आहे म्हणावे. पहिल्या रचनेबद्दल माझी तक्रार नाही, ती उत्तम आहे, आणि तंतुवाद्यांचे ध्वनिमुद्रण तर सबंध अल्बमभर देखणे आहे. परंतु पुढे पुढे एकाच गतीच्या, एकाच स्वरपट्टीच्या आणि एकाच आवाजाच्या रचना एकामागून एक येतात, तेव्हा मधल्या दोन रचनांची अदलाबदल केली तरी कुणाच्या ध्यानात येणार नाही अशी मला शंका आहे. रूनो-गायनातली पुनरावृत्ती कथेला पुढे नेण्यासाठी असते. ऐकणाऱ्याला पुढे काय झाले हे जाणून घ्यायचे असते. कथा काढून टाकून फक्त पुनरावृत्ती ठेवली, तर परंपरेचा हवाला देऊन तिचे समर्थन कसे करणार?

फिनलंडमधूनच आलेल्या पीरपाउके या बँडने १९७५ च्या पहिल्याच अल्बममध्ये लोकधुना, जाझ आणि रॉक यांचा जो खेळ केला, त्यात वातावरणही आहे आणि घटनाही आहेत. दोन्ही साधता येते, हे त्यामुळे सिद्धच आहे.

खर्जप्रेमी

आडताल, तुमचा कथेचा मुद्दा वजनदार आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अदलाबदलीच्या शंकेशी मात्र मी सहमत नाही. मधल्या भागात पियानो कुठे येतो आणि ड्रम कुठे पूर्णपणे थांबतात एवढ्याकडे लक्ष ठेवून एकदा ऐकावे. अनुक्रम विचारपूर्वक लावलेला आहे हे दिसते. पीरपाउकेशी तुलना करताना हेही ध्यानात घ्यावे की त्या बँडचा कणा साकारी कुक्को यांचे सॅक्सोफोन आणि बासरी आहे, म्हणजे तिथे एकल वादक बोलत असतो. तेन्हीकडे एकल वादकच नाही. व्हायोलिनला चार ओळी मिळाल्या तरी ती समूहात परत जाते. मला स्वतःला हाच त्यांचा सर्वांत धाडसी निर्णय वाटतो, कारण व्हायोलिन हाताशी असताना तिला मोकळे न सोडणे सोपे नाही. तुम्हाला तो कंटाळवाणा वाटला, तर तेही समजू शकते.

सांजवारा

सर्वांचे आभार. पानगळ यांचा आघाताचा मुद्दा वाचून पहिली रचना पुन्हा लावली, आणि आवाज तालाच्या मागे रेंगाळतो असे जे मला वाटत होते, ते खरे तर प्रत्येक ओळ पहिल्याच अक्षरावर खर्च होऊन जात असल्यामुळे होते, असे आता वाटते. आडताल यांच्या बाजूनेही माझे थोडे मत आहे. शेवटाकडे माझे लक्ष अजूनही भरकटते. या बँडचे दुसरे काय ऐकावे, आणि फिनिश लोकसंगीताची अधिक चैतन्यपूर्ण बाजू ऐकायची तर कुठून सुरुवात करावी?

पानगळ

तेन्हीचेच ऐकायचे तर मागे जाऊन १९९९ चा 'काउआन' ऐका. तो त्यांचा पहिला अल्बम. त्यात ड्रमचे प्रस्थ कमी आहे आणि गिटार व आवाज अधिक उघडे आहेत. त्यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत मोरचंगसारखे तोंडाने वाजवायचे वाद्यही ऐकू येते, ते आपल्या कानाला लगेच ओळखीचे वाटेल. २०११ चा 'साइवो' हा त्याहून लांब आणि संथ आहे. शेवटाकडे लक्ष भरकटत असेल तर तो आत्ताच घेऊ नका. त्यानंतर बराच काळ गेल्यावर २०२३ मध्ये 'वाल्कामा' निघाला.

चैतन्यासाठी व्हॅर्तिना ऐका. १९८३ मध्ये राअक्क्यूला या कारेलियन गावात सुरू झालेला हा बँड स्त्रियांच्या खड्या, एकत्र आवाजांसाठी ओळखला जातो, आणि रूनो-गायनातली अक्षरांची घाई तुम्हाला तिथे प्रत्यक्ष ऐकू येईल. २००६ मध्ये टोरांटोत रंगभूमीवर आलेल्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या संगीतिकेसाठी त्यांनी ए. आर. रहमान यांच्याबरोबर काम केले होते, त्यामुळे आपल्याकडच्या काही श्रोत्यांना ते नाव आधीपासून माहीत असेल. मेटलची आवड असल्यास अमॉर्फिस या फिनिश मेटल बँडचा १९९६ चा 'एलेजी' घ्यावा. त्याचे शब्द 'कान्तेलेतार'मधून आलेले आहेत, आणि जुने काव्य विजेच्या गिटारांवर कसे बसते हे पाहण्यासारखे आहे.

आडताल

पानगळ यांच्या यादीत स्वीडिश-फिनिश बँड हेडनिंगार्ना यांचा १९९४ चा अल्बम 'त्रॅ' जोडतो. त्यात फिनिश गायिका आहेत, आधारस्वर आहे, पुनरावृत्ती आहे, आणि तरी माणूस खुर्चीवर स्थिर बसू शकत नाही. माझा आक्षेप पुनरावृत्तीला नसून तिच्या उपयोगाला आहे, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

खर्जप्रेमी

'त्रॅ'बद्दल पूर्ण सहमती. सांजवारा, जाता जाता एक व्यावहारिक सूचना करतो: 'व्हॅरे' मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. बास, खर्जातला आवाज आणि ड्रमचा खालचा घुमारा हे त्या स्पीकरमधून जवळजवळ येतच नाहीत, आणि उरते ते फक्त गिटारचे चार-सहा स्वर. मग कंटाळा आला तर नवल नाही. बरे हेडफोन किंवा घरातले जुने मोठे स्पीकर असतील तर तेच लावा, आणि आवाज थोडा वाढवूनच ऐका.