खरं मेपल सिरप महागलंय: थोडं खरं घ्यायचं की भरपूर नकली?

पार्लेकर_वॉटर्लू

विषय तसा चमच्याएवढा आहे, पण आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर यावरून चांगलीच जुंपली म्हणून इथे आणतोय. कॅनडात राहतो आपण, जगातलं जवळपास तीन चतुर्थांश मेपल सिरप इथे बनतं, आणि इथलीच माणसं आता भाव बघून ते शेल्फवर परत ठेवतात आणि शेजारची 'टेबल सिरप'ची बाटली उचलतात. माझं म्हणणं सरळ आहे, परवडत नसेल तर कमी खा पण खरं खा.

महाग का आहे ते आधी बघा. मेपलच्या झाडातून जे निघतं ते सिरप नसतंच, जवळजवळ पाणी असतं, साखर जेमतेम २-३ टक्के. ते आटवून ६६ टक्क्यांवर न्यायचं, म्हणजे ४० लिटर रस आटला की हातात १ लिटर सिरप. आणि झाडाला भोक पाडून नळी ठोकतात, त्या एका भोकातून अख्ख्या सीझनमध्ये रस मिळतो तो साधारण तेवढाच. थोडक्यात तुमच्या हातातली लिटरची बाटली म्हणजे एका नळीची वर्षभराची कमाई. सीझन कसला तर मार्च-एप्रिलचे काही आठवडे, त्यातही रात्री शून्याच्या खाली आणि दिवसा वर असं असेल तरच रस वाहतो, थंडी रेंगाळली तरी बोंब आणि ऊन लवकर पडलं तरी बोंब. झाड लावलं की भोक पाडण्याजोगं व्हायला चाळीसेक वर्षं. हे स्वस्त मिळावं असं वाटणंच मुळात अजब आहे.

आणि टेबल सिरप म्हणजे काय? कॉर्न सिरप, रंग, वास, प्रिझर्व्हेटिव्ह. कॅनडात त्याला मेपल सिरप म्हणायची कायद्याने परवानगी नाही, म्हणून बाटलीवर 'टेबल सिरप'.

मी काय करतो, तर सुपरमार्केटच्या छोट्या बाटल्या बंद. वसंतात एल्मायरा गावाच्या बाजूला शेतकऱ्याकडून ४ लिटरचा जग आणतो, धुतलेल्या काचेच्या बरण्यांत भरून फ्रीझरमध्ये टाकतो. साखर इतकी असते की दगड होत नाही, नुसतं घट्ट होतं. आणि घ्यायचं ते डार्क. गोल्डन, अंबर, डार्क, व्हेरी डार्क, चौघेही ग्रेड 'ए'च आहेत, फरक रंगाचा आणि चवीचा. लोक दिसायला छान म्हणून गोल्डन घेतात आणि चव लागेना म्हणून दुप्पट ओततात. डार्क वाटीत थोडं कोमट करायचं, पॅनकेकचा तुकडा त्यात बुडवायचा, वरून धार सोडायची नाही. आमच्या घरात खप निम्म्यावर आला.

बोला आता.

दोन_पोरांची_आई

प्रवचन छान झालं, पण एल्मायराला जायला गाडी लागते, त्या ४ लिटरच्या जगचे पैसे एकरकमी मोजावे लागतात आणि घरात रिकामा फ्रीझर लागतो. आम्ही ब्रॅम्प्टनला बेसमेंटमध्ये भाड्याने राहतो, आमच्या एवढ्याशा फ्रीझरमध्ये खवलेला नारळ, मटार आणि सासूबाईंच्या पुरणाचे डबे आहेत, त्यात तुमच्या बरण्या कुठे कोंबू? शाळेत जायच्या आधी दोन पोरांना फ्रोझन वॉफल भाजून द्यायचं, त्यावर ती बाटली उपडीच करतात, त्यांना वाटी आणि बुडवणं कोण शिकवणार सकाळी साडेसातला? तिप्पट-चौपट फरक आहे भावात. तेवढ्यात माझं आठवड्याचं दूध येतं. आणि खरं सांगू का, थोरल्याला एकदा खरं दिलं तर म्हणाला आई हे पातळ आहे. झालं!

करवीरकर

तुमी सगळी एवढी भांडताय कशाला, काकवी आणा की!! आमच्या कोल्लापुरात गुऱ्हाळावर जावा, कायलीतनं गरम काकवी काढून देतील, असलं मेपल-बिपल झक मारतंय. आणि गंमत सांगतो, मेपलवाले १०४ डिग्रीला उतरवतात म्हणे, काकवीपण साधारण तिथंच, १०३ ते १०६ च्या दरम्यान काढत्यात, गूळ पाडायचा असला तर पुढं ११५ च्या वर न्यायला लागतं. फरक एवढाच की उसाच्या रसात साखर पंधरा-वीस टक्के, त्यांच्या झाडात दोन. म्हणून आमची स्वस्त. घावनाबरोबर खा, भाकरीबरोबर खा, पॅनकेकवर घाला, कोण बघतंय.

पार्लेकर_वॉटर्लू

@करवीरकर, काकवी मला जीव की प्राण आहे, पण ती मेपलच्या जागी चालत नाही हो. काकवीला उसाचा खारट-कडवट अंगचा स्वाद असतो, पॅनकेकवर घातली की फक्त काकवीच लागते, लोणी गायब. शिवाय इथे इंडियन स्टोअरमध्ये कधी असते कधी नसते, आणि असली तर तीही काही फुकट नाही.

हिशेबी_माणूस

भावनेचा भर ओसरला असेल तर थोडे आकडे घ्या. क्वेबेक प्रांतात जगातलं ७० टक्क्यांच्या वर सिरप बनतं आणि तिथला बल्क म्हणजे पिंपांतला घाऊक धंदा एकाच उत्पादक संघाच्या हातात आहे. २००० साली त्यांनी राखीव साठा सुरू केला, २००४ पासून कोटा, म्हणजे कुणी किती विकायचं ते ठरलेलं. कोट्याबाहेर पिकलं तर ते साठ्यात जमा करा आणि विकलं जाईल तेव्हा पैसे घ्या, परस्पर पिंपं विकलीत तर दंड. तिथेच लॉरिएव्हिल गावाला गोदाम आहे, साठ्याची क्षमता १३.३ कोटी पाउंड. आता मला सांगा, २०२४ ला क्वेबेकमध्ये २३.९ कोटी पाउंडांचं विक्रमी पीक आलं, मग भाव का नाही उतरला? कांद्याचं पीक असं आलं असतं तर लासलगावात शेतकरी रस्त्यावर ओतून गेला असता. इथे भाव वरच, कारण तो बाजारात ठरतच नाही, टेबलावर ठरतो. झाड, हवामान, चाळीस वर्षं हे सगळं खरं आहे, पण त्या नावाखाली ग्राहक कापला जातोय हेही लिहा की.

मॉन्ट्रियलची_मावशी

अरे हिशेबी, अर्धे आकडे देऊन कसं चालेल? २०२४ च्या आधी काय झालं ते सांग ना. २०२१ ला पीक चौथाईने घटलं आणि मागणी पाचवा हिस्सा वाढली, कोविडमध्ये सगळे घरी बसून पॅनकेक करत होते, तेव्हा याच साठ्यातून ५ कोटी पाउंड बाहेर काढलं म्हणून दुकानं रिकामी पडली नाहीत. २०२२ ला २१.१ कोटी पाउंड आलं, २०२३ ला धाडकन १२.४ कोटी. एवढे हेलकावे! २०२४ च्या सुरुवातीला साठ्यात राहिलं होतं जेमतेम ६९ लाख पाउंड. १३.३ कोटींच्या साठ्यात ६९ लाख म्हणजे तळ दिसला की रे. मग विक्रमी पीक आलं तर ते स्वस्तात उधळणार का आधी कोठार भरणार?

आणि लासलगावचं उदाहरण तू माझ्याच बाजूने दिलंस. शेतकऱ्याने कांदा रस्त्यावर ओतावा हे तुला चांगलं वाटतं का? कोटा यायच्या आधी इथेही चांगल्या वर्षी भाव कोसळायचा. माझा दीर नाशिककडचा द्राक्षवाला, त्याला इथला प्रकार सांगितला तर म्हणाला वहिनी असा संघ आम्हाला द्या, मग हवा तेवढा दंड लावा.

अजून एक, पाच लिटरपर्यंतचे डबे शेतकरी स्वतःच्या अंगणातून थेट गिऱ्हाइकाला विकू शकतो, त्यात संघ मधे येत नाही. आमच्याकडे ५४० मिलीचा टिनचा डबा मिळतो, तोच सगळ्यात किफायती, काचेच्या मेपल पानाच्या आकाराच्या बाटल्या टुरिस्टांना आणि भारतात न्यायला. आणि नकलीला इथले लोक खांबाचं सिरप म्हणतात, टेलिफोनच्या खांबाला भोक पाडून काढलेलं!

टोमणेसम्राट

इथे पुण्यात पाव लिटरची इंपोर्टेड बाटली हजाराच्या घरात आहे आणि तुम्ही साठा, कोटा, लासलगाव... चालू द्या. आम्ही मध घालतो पॅनकेकवर. तो तरी खरा असतो असा आपला समज आहे. (हलके घ्या.)

हिशेबी_माणूस

मावशी, राखीव साठा असावा याला माझा विरोध नाहीच. विरोध याला आहे की नवीन माणसाने किती नळ्या लावायच्या तेही संघ ठरवतो. मागणी वर्षानुवर्षं वाढतेय हे दिसत असताना ७० लाख नव्या नळ्यांना परवानगी कधी मिळाली, तर २०२१ ला, साठा उपसायची वेळ आली तेव्हा. आधी टंचाई होऊ द्यायची आणि मग तिच्यावर उपाय काढल्याबद्दल शाबासकी घ्यायची.

शेतकऱ्याचं म्हणाल तर बल्कमध्ये त्याला पाउंडाला साधारण तीन डॉलर मिळतात, लिटरमागे नऊच्या आसपास. दुकानात लिटरला तुम्ही किती देता ते स्वतःच बघा आणि मधले कुणाच्या खिशात जातात त्याचा विचार करा.

मॉन्ट्रियलची_मावशी

मधले गाळणाऱ्याचे, बाटलीवाल्याचे, ट्रकवाल्याचे आणि दुकानाचे. म्हणजे तुझी तक्रार दुकानाशी आहे, संघाशी नाही. नळ्यांचं म्हणणं मान्य, तिथे उशीर झाला.

मेथीचा_लाडू

कुणी मेथीचं बोललं नाही म्हणून मी बोलते. नकली मेपलचा वास काढायला मेथीचा अर्क वापरतात, मेथीत आणि मेपलमध्ये वासाचं द्रव्य एकच आहे, सोटोलोन नावाचं. २००५ पासून न्यूयॉर्कमध्ये अधूनमधून शहरभर मेपल सिरपचा वास यायचा, लोक घाबरून फोन करायचे, शेवटी २००९ ला सापडलं की नदीपलीकडे न्यूजर्सीत एका कारखान्यात मेथीदाणे कुटले जात होते! बाळंतिणीच्या खोलीत तो वास आपण सगळ्यांनीच घेतलाय.

तर माझा उपाय: ब्राउन शुगर आणि पाणी दोनास एक, चमचाभर मेथीदाणे नुसते गरम करून (लाल नाही करायचे, कडू होतील) पुरचुंडीत बांधून त्यात पाच मिनिटं उकळायचे, पुरचुंडी काढून टाकायची, चिमूटभर मीठ. खरं मेपल नव्हे, पण टेबल सिरपपेक्षा शंभर पटीने बरं आणि काय घातलंय ते आपल्याला माहीत. दोन_पोरांची_आई, तुमच्यासाठी हे.

दोन_पोरांची_आई

@मेथीचा_लाडू तुम्हाला शाबासकीचा मोदक! हे करून बघते. पोरांना मेथीचं सांगणार नाही.

गोडघाशा

एक कुणी म्हणत नाही ते मी म्हणतो, की खरं काय नि नकली काय, साखरच आहे. मोठा चमचाभर खऱ्या सिरपमध्येही १३ ग्रॅमच्या आसपास साखर असते. मँगनीज आणि रायबोफ्लेविन असतं म्हणून लोक औषधासारखं पितात, ते मिळवायला एवढं गोड खायची गरज नाही, मँगनीज तर मूठभर शेंगदाण्यांतही मिळतं. भाव वाढला म्हणून कमी खाल्लं जात असेल तर माझ्यासारख्या डायबेटिक घरात पेढे वाटा.

पार्लेकर_वॉटर्लू

@गोडघाशा, म्हणजे घुमून फिरून तुम्ही माझ्याच बाजूला आलात, कमी खा. मी फक्त म्हणतो की जे थोडं खाल ते चांगलं असू दे.

@दोन_पोरांची_आई, फ्रीझरचा आणि एकरकमी पैशाचा मुद्दा बरोबर आहे, तो माझ्या डोक्यात नव्हता. आपण भिशीसारखं करू या का? चार घरांत एक जग, एकाने जाऊन आणायचा, चौघांनी वाटून घ्यायचा. ब्रॅम्प्टनला मी तसाही महिन्यातून येतो. पण माझं मत तेच आहे, ते टेबल सिरप पोरांच्या समोरून काढा.

दोन_पोरांची_आई

भिशीला मी तयार. पोरांच्या बाटलीचं मात्र मी बघीन, त्यावर सल्ला नको.

हिशेबी_माणूस

भिशीत मीही आहे, कोट्याविरुद्धचं मत राखून. ओंटारियोत तसाही कोटा नाही, पण भाव क्वेबेकच्या मागे मागेच चालतो. आणि वाटप मापाने नको, वजनाने करा, फ्रीझरमधलं घट्ट सिरप मापाला चिकटून राहतं आणि मग कुणाला तरी कमी जातं. ४ लिटर म्हणजे सुमारे ५.३ किलो, घरटी १.३ किलोच्या थोडं वर. माझ्या हिश्शाची बरणी मी आणतो.